आबा जिथे झोपतात तिथली हवा

मी, मारुती गेणबा कोळपे, वय छप्पन्न, वाणिज्य पदवीधर, कुरकुंभ येथील एका रासायनिक कारखान्यात भांडार अधिकारी, राहणार दौंड, हे निवेदन आमच्या भावकीच्या माहितीसाठी लिहीत आहे. माझे वडील गेणबा, ज्यांना आपण सर्व आबा म्हणत होतो, ३ डिसेंबर रोजी सकाळी, घाटाखाली मेंढरांच्या तळावर वारले. तेराव्याच्या दिवशी, माझ्याच दारातील मांडवात, माझी थोरली बहीण अनसाबाई हिला "म्हाताऱ्याला थंडीत हाकलून मारलास" असे तोंडावर सुनावण्यात आले. ती न जेवता न्हावऱ्याला परत गेली.

गेल्या वर्षी आबांना कोणी सांभाळावे यावरून आम्हा भावंडांचे फोनवर फार बिनसले होते. तेव्हापासून आबांविषयी जे बोलायचे ते कागदावरच, असे आम्ही ठरवले. ती पत्रे येथे तारखेच्या क्रमाने दिली आहेत. माझ्या पत्रांच्या नकला मी ठेवतो. आक्काची पत्रे तिच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे घेऊन तिची सून पूनम हिने लिहिली आहेत. त्यांत मी दुरुस्ती केलेली नाही.

*

दौंड, ५ ऑक्टोबर २०२५

ती. अनसाआक्का हिस मारुतीचा नमस्कार.

आबा तुझ्याकडे पोचल्याचे कळले. छातीत पाणी झाल्यामुळे ते नऊ दिवस दवाखान्यात होते आणि त्यानंतर अकरा दिवस माझ्याकडे. बाराव्या दिवशी ते घोंगडी खांद्यावर टाकून एसटी स्टँडवर उभे असलेले मला सापडले, हे तुला माहीत आहे. तुझ्या आग्रहाखातर मी त्यांना दिवाळीपर्यंत न्हावऱ्याला ठेवण्यास तयार झालो. डॉक्टरांच्या कागदावर स्पष्ट लिहिले आहे : उघड्यावर झोपणे नाही, दव नाही, धूर नाही. २६ तारखेला, रविवारी, मी त्यांना घेऊन जाईन. येथील मागची खोली तयार आहे. खिडकीला जाळी बसवली आहे.

आमच्या भांडारात दिवसातून दोनदा तापमान व आर्द्रता नोंदवावी लागते, कारण दमट हवेत काही माल गोळे धरतो. काल सकाळी २४ अंश व ८१ टक्के होते. तू दर आठवड्याला तुझ्याकडील हवा कळवावीस. तालुक्याची हवा मोबाइलवर दिसते, तिचा मला उपयोग नाही. आबा जिथे झोपतात तिथली हवा मला कळली पाहिजे. त्यावरून त्यांना आधी आणावे लागेल की कसे, हे ठरवता येईल.

मारुती

*

न्हावरे, १० ऑक्टोबर

चि. मारुतीस अनसाआक्काचा आशीर्वाद.

तुझं पत्र पूनमनं वाचलं. आबांच्या कानाशी तोंड नेऊन मी त्यांना सांगितलं. ते म्हनले, "बी.कॉमला सांग, हवेला टक्के नसत्यात." राग धरू नको, पर मला हसू आलं.

हवा अशी हाय. कोजागिरीला चंद्र ढगातनं निघालाच न्हाई. दूध आटवलं आन् शेवटी बल्बाखाली बसून प्यालो. मंगळवारी सर येऊन गेली. कांद्याचं रोप पिवळं पडलंय. कालपासनं मातूर वारा फिरलाय, उसाची पानं उलट्या बाजूला वाकत्यात. आबा म्हनत्यात, पाऊस गेला, आता मागं वळून बघायचा न्हाई.

खाट आत टाकली हाय. मी आत वढते, ते ओसरीकडं वढत्यात. सध्या खाट उंबऱ्यात हाय.

आपल्या चुलत्याचा नातू बिरदेव मेंढरं घेऊन गावाच्या माळावर उतरलाय. दिवाळीच्या आत तो कोकनाची वाट धरनार. आबा दिसातनं दोनदा तिकडं जाऊन येत्यात. येवढंच.

अनसाआक्का

मामा, आत्याबाई बोलल्या तसंच लिहिलं हाय. काय चुकलं असंल तर ते हवेचं. — पूनम

*

दौंड, १३ ऑक्टोबर

ती. आक्कास नमस्कार.

आर्द्रतेला टक्केच असतात, हे आबांना सांगावे.

येथे ऑक्टोबरचे ऊन पूर्ण तापले आहे. बाहेर ३४ अंश, आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी ४० च्या वर. आर्द्रता चार दिवसांत ८१ वरून ५८ वर आली. रस्त्याकडेचे गवत खालून पिवळे पडू लागले आहे. सहामाही तपासणी तोंडावर आल्यामुळे मी सकाळी सातला घरातून निघतो आणि संध्याकाळी सातला परततो. कंपनीच्या बसमध्ये बसताच डोळा लागतो आणि चालक हाक मारून उठवतो. हे तक्रार म्हणून नव्हे, कळावे म्हणून लिहिले.

बिरदेवच्या मेंढरांत आबांनी जाऊ नये. लोकर आणि धूळ त्यांच्या छातीला चालणार नाही. २६ तारीख कायम आहे.

मारुती

*

न्हावरे, १९ ऑक्टोबर

चि. मारुतीस आशीर्वाद.

हवा लिही म्हनतोस, लिहिते. पाऊस न्हाई. दिवसा ऊन चटकतंय, सावलीत शिरलं की गार. सांजच्याला डोंगराकडनं वारा सुटतो आन् धूर भुईला धरून चालतो. पानी जड हाय, डाळ शिजत न्हाई. उसाचा वास मागं ऱ्हायला, आता द्राक्षावर मारत्यात त्या औषधाचा वास येतो. आबांना भूक लागती. दोन भाकरी खात्यात.

भाऊबीजेला तू येऊ नको. तुझी ड्युटी हाय. मीच येते.

अनसाआक्का

*

येथे नमूद करतो की २३ ऑक्टोबरला, भाऊबीजेला, आक्का दौंडला आली. ओवाळले, अर्धी करंजी खाल्ली आणि तासाभरात उठली. आबांविषयी विचारले असता "खात्यात, चालत्यात" एवढेच म्हणाली. त्यांना नेण्याची तारीख पुढे ढकल, असे तिने सुचवले. माझी तपासणी संपली नव्हती. मला ते सोयीचे वाटले आणि मी १६ नोव्हेंबर ही तारीख दिली.

*

न्हावरे, २९ ऑक्टोबर

चि. मारुतीस आशीर्वाद.

तीन दिस झोड लागली. दिवाळी सरल्यावर असा पाऊस कुनी बघितला न्हाई. कापून ठेवल्यालं भात भिजलं, उभं व्हतं ते लोळलं. मानसं बांधावर नुसती बसून हायत, कुनी कुनाशी बोलत न्हाई. माती लाल, पाय टाकला की चप्पल ठिवून घेती. सकाळी धुकं असं की कोकरू आईच्या पुढ्यात उभं ऱ्हाऊन आईला हाका मारतंय.

आबा भिजले न्हाईत. हे मी दोनदा इचारून घेतलंय.

अनसाआक्का

*

दौंड, २ नोव्हेंबर

ती. आक्कास नमस्कार.

तुझी शेवटची दोन पत्रे मी समोरासमोर ठेवून वाचली. न्हावऱ्याला डोंगर नाही. न्हावऱ्याची माती काळी आहे. न्हावऱ्यात भात कोणी लावत नाही. आमच्या विभागातील सत्यजीत हा तुमच्याच गावचा आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे २६ ते २८ या तीन दिवसांत तेथे फक्त भुरभुर झाली, रस्तासुद्धा धड भिजला नाही.

तू मुद्दाम चुकीचे लिहिशील, असे मी मानत नाही. तेव्हा एकच निष्कर्ष उरतो. आबा चाळीस वर्षांपूर्वीच्या फिरस्तीतील हवा आजची म्हणून सांगत आहेत आणि तू त्यांचे मन राखण्यासाठी ती लिहून घेत आहेस. आक्का, हे वृद्धापकाळातील भान सुटण्याचे लक्षण आहे. पुण्यातील मेंदूच्या डॉक्टरांकडे १० तारखेची वेळ घेतली आहे.

ते तुला ओळखतात का? पूनमला नावाने हाक मारतात का? कृपया लगेच लिही. मला ओळखतील की नाही, याची मनाची तयारी मला आधी करता आली तर बरे.

मारुती

*

न्हावरे, ५ नोव्हेंबर

मारुती,

आबांचं भान जाग्यावर हाय. तुझ्यामाझ्यापेक्षा जाग्यावर हाय. त्यांना येडं ठरवायला मी पत्रं धाडत नव्हते.

ऐक. आबा हितं न्हाईत. तेरा तारखेला, सोमवारी, बिरदेवाच्या मेंढरांबरोबर गेले. सकाळी चालत्यात, दमले की बिरदेवाच्या पिकपमधी बसत्यात. आता घाट उतरून मुरबाडाकडं हायत.

आबा जिथं झोपत्यात तिथली हवा लिही म्हनलास. तिथलीच लिहिली. चार दिसाला बिरदेवाचा फोन येतो, आबा शेजारी बसून सांगत्यात, पूनम लिहून घेती. त्यांना फोनात ऐकू येत न्हाई, बोलता तर येतं. गाव तू इचारलं नव्हतंस.

तू म्हनशील, लपवायचंच व्हतं तर हवा बी खोटी लिहायची. ते जमलं न्हाई. तू शाळंत गेलास, तुला आठवत नसंल. वाटंवर दुसरा मेंढरंवाला भेटला की पयली इचारायची ती हवा. आन् त्यानं खरी सांगायची, वैरी असला तरी. खोटी सांगितली तर त्याचा कळप त्या पावसात जातो. लहानपनी तू कुनाला तरी गंमत म्हनून खोटं सांगितलंस, तवा आबांची बोटं तुझ्या गालावर उठली व्हती. गाव लपवायला मला काय वाटलं न्हाई. हवा लपवायला जीभ वळंना.

जायच्या दिवशी ते म्हनले, "अनसे, दौंडात खोली तयार हाय, हितं खाट तयार हाय. समदी माझ्या मरायचीच तयारी करत्यात. माझ्या जेवायचं कुनीतरी बघा." मी भाकरी बांधून दिली. ह्यात बिरदेवाचा दोष न्हाई, माझा हाय. लिहून ठेव.

मी बी थकले, मारुती. खाट वढून थकले आन् तुझ्या तारखांनी बी थकले.

अनसाआक्का

*

दौंड, ७ नोव्हेंबर

ती. आक्कास,

पत्र मिळाले. उद्या शनिवारी सकाळी मी भाड्याची गाडी घेऊन निघत आहे. आबांना घेऊनच परत येईन. बिरदेवला आधी कळवू नये.

मारुती

*

दौंड, १० नोव्हेंबर

ती. आक्कास नमस्कार.

मी शनिवारी जाऊन आलो. जे घडले ते क्रमाने लिहितो.

दौंडहून निघालो तेव्हा अंगात स्वेटर होता. घाटाच्या माथ्यावर धुके इतके होते की चालकाने मान खिडकीबाहेर काढून गाडी चालवली. घाट उतरताच स्वेटर काढावा लागला आणि खाली पोचेपर्यंत सदरा पाठीला चिकटला. साडेचार तासांत मी तीन ऋतूंतून गेलो. तुझ्या पत्रांत होते ते सर्व तसेच होते : लाल माती, लोळलेले भात, बांधावर बसलेली माणसे. मुरबाडच्या पुढे विचारत गेलो तेव्हा तळ सापडला; बिरदेवने एका कापलेल्या शेतात मेंढरे बसवली होती. आबा पेंढ्यावर बसून एका मेंढीच्या खुरातला काटा काढत होते. मान वर न करता म्हणाले,

"आलास. दौंडाकडं हवा कशी?"

"एकोणीस अंश. बासष्ट टक्के."

"मी हवा इचारली."

मी थोडा विचार केला. "सकाळी अंगावर शहारे येतात. दुपारी ऊन आहे, पण त्यात जोर नाही. कोरडे आहे."

"हां. म्हंजी शिकलास काय तरी." त्यांनी मेंढी सोडून दिली. "तुझ्या घरात अकरा दिस व्हतो. कुनी एकानं मला हवा इचारली न्हाई. पंखा एकवर ठेवू का दोनवर, येवढंच."

मी येथे कबूल करतो की ते आजारी दिसत नव्हते. चेहरा उन्हाने काळा झाला होता, आवाज मोकळा होता. पण बोलताना मधेच थांबत होते आणि ते थांबणे त्यांनी खोकल्यात लपवले. मी त्यांना गाडीत बसवून जवळच्या गावातील डॉक्टरांकडे नेले. छातीचा फोटो काढला. त्यांना बाहेर बसवून डॉक्टरांनी मला सांगितले की पाणी पुन्हा भरू लागले आहे. बंद खोलीत, औषधपाण्यात, होळीपर्यंत किंवा त्यापुढेही निभेल. उघड्यावर एक महिना.

परत तळावर आल्यावर मी चालकाला गाडी बांधाशी उभी करायला सांगितली आणि चहाला पाठवले. आबा मागे बसले होते, मी शेजारी.

"काय म्हनला?" ते म्हणाले.

डॉक्टरांकडून तळापर्यंतच्या वाटेत मी उत्तर तयार केले होते. आठ दिवस औषध, विश्रांती, मग मी स्वतः तुम्हाला येथे आणून सोडतो, असे. एवढे म्हटले असते तर ते आले असते. याविषयी मला शंका नाही.

"तोंडावरनं कळतंय, आभाळ भरलंय," ते म्हणाले. "पर बोलून सांग. पोरगा म्हनून नको. वाटंवर भेटल्याला सांगत्यात तसं सांग."

मी सांगितले. दोन्ही मुदती सांगितल्या.

त्यांनी मेंढरांकडे पाहिले. मग विचारले, "होळीला तुझ्या तिथं काय हाय?"

खरोखरच काही नाही, आक्का. मी कामावर असतो. तुझी भावजय सुनीता शेजारच्या चौकात पोळी टाकून येते.

"हितं भाताच्या खाचरात पंधरा दिसात गवत फुटंल," ते म्हणाले. "दार उघड."

मी दार उघडले. उतरताना त्यांनी माझ्या हाताचा आधार घेतला. मला तो हात सोडायचा नव्हता. धरून ठेवला असता तरी चालले असते, त्यांचे वजन आता चव्वेचाळीस किलो आहे, दवाखान्यातील काट्यावर मीच पाहिले होते. उचलून आत बसवता आले असते. बिरदेव लांब होता. बघायला कोणी नव्हते.

मी हात सोडला.

औषधांच्या वेळा कागदावर लिहून बिरदेवला दिल्या. माझा स्वेटर दिला. आबा म्हणाले, "ही लोकर न्हाई, पलास्टिक हाय," पण घेतला. परत येताना चालक दोनदा म्हणाला, "साहेब, म्हातारबाबांना न्यायचं व्हतं ना?" मी झोपल्याचे सोंग केले.

तू मला विचारशील की मी बरोबर केले का. मला माहीत नाही. गेले दोन दिवस मी नोंदवहीत तेच ते आकडे पुन्हा लिहीत आहे.

मारुती

*

न्हावरे, १८ डिसेंबर

चि. मारुतीस आशीर्वाद.

तेराव्याला मी उठून आले ते तू बघितलंस. तू काय बोलला न्हाईस ते बरं केलंस. मांडवात बोलले त्या पोपटतात्यांचं तोंड आपन काय धरनार? त्यांनी स्वतःच्या बापाला कवा पानी इचारलं न्हाई, म्हनून दुसऱ्याच्या बापाची त्यांना लई काळजी.

बिरदेव येऊन गेला. म्हनला, शेवटपर्यंत आबा रोज सकाळी त्याला हाका मारून हवा सांगत व्हते. गेले त्या दिवशी बी सांगितली. "आज कोरडं हाय, कपडे धुऊन टाका" म्हनले आन् आडवे झाले.

आता कामाचं. तू गाडी घेऊन गेला व्हतास हे मला, पूनमला आन् बिरदेवाला ठावं हाय. चौथ्याला कळायचं कारन न्हाई. तुझ्या धनश्रीचं लग्न ह्याच भावकीत आन् ह्याच पाव्हन्यांत जुळवायचं हाय. बापाला दवाखान्यातनं परत मेंढरांत सोडून आला म्हनतील, सोयरीक मोडतील. माझं काय व्हायचं ऱ्हायलंय? माझी पोरं मार्गी लागली. मला बोलनी खायची सवय हाय. म्हाताऱ्याला मी धाडला, असंच राहू दे. तुझं ते पत्र मी चुलीत घातलं. नक्कल तुझ्याकडं असनारच. ती बी जाळ.

अनसाआक्का

*

आक्काची ही शेवटची सूचना मला पाळता येत नाही.

भावकीने पुढील गोष्टी लक्षात घ्याव्यात. आक्काने आबांना जाऊ दिले तेव्हा ते दोन वेळ जेवत होते, चालत होते. छातीत पुन्हा पाणी भरत असल्याचे तिला माहीत नव्हते. ८ नोव्हेंबरला ते मला समजले, प्रथम मला. गाडी माझ्या ताब्यात होती, खोली रिकामी होती आणि आबांचा हात माझ्या हातात होता. त्यानंतर ते पंचवीस दिवस उघड्यावर झोपले. त्यांना थंडीत कोणी ठेवले, हा प्रश्न ज्यांना विचारायचा आहे त्यांनी तो मला विचारावा. धनश्रीला मी हे सर्व वाचून दाखवले आहे. ती म्हणाली, "ज्यांना यावरून सोयरीक मोडायची आहे, त्यांना आधीच कळलेले बरे."

पोपटतात्यांनी आक्काला बोल लावला तेव्हा मी तिच्यासमोरच्या पंक्तीत होतो. सुतक फिटले म्हणून माझ्या ताटात पहिला गोड घास वाढला होता. ती उठली, चप्पल शोधत थोडा वेळ मांडवाच्या तोंडाशी थांबली. माझ्याकडे पाहिले नाही. मी मान खाली घातली आणि जेवत राहिलो. ताटात काही टाकले नाही.

मारुती गेणबा कोळपे
दौंड
२१ डिसेंबर २०२५